दोन्हीकडून दाब झेलणारी केबिन : मांडवीकाठच्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपचा अनुभव

मांडवीच्या काठाने जुन्या गोव्याकडून वर निघाले की बार्जा बांधणारी आणि दुरुस्त करणारी वर्कशॉपे लागतात. २०१२ साली खाणी बंद होऊन बार्जांवरची खनिज वाहतूक थांबली तेव्हा त्यांतल्या अनेकांचे काम आटले. जी तगली त्यांनी पाण्याच्या टाक्या, तरंगत्या जेटी, ट्रॉलरांची डागडुजी असे मिळेल ते हाती घेतले. अशाच एका वर्कशॉपकडून मी आणि माझ्या भाच्याने गेल्या वर्षी दोन माणसांच्या छोट्या पाणबुडीची केबिन बनवून घेतली, त्याचा हा अनुभव आहे. वर्कशॉपचे नाव मुद्दाम दिलेले नाही. पुढे सांगितलेली एक चूक गंभीर होती, पण ती त्यांनी वाद न घालता स्वतःच्या खर्चाने निस्तरली, आणि अशा वेळी नावानिशी लिहिणे मला योग्य वाटत नाही.

आधी हे काम काय होते ते सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय वर्कशॉपला गुण कशाचे द्यायचे आणि कशाचे कापायचे ते कळणार नाही. मी पंचवीस वर्षे यंत्र-अभियांत्रिकी शिकवली. भाचा ग्रांड आयलंडच्या परिसरात पर्यटकांना डायव्हिंगसाठी घेऊन जातो. पाणबुडी ही त्याची हौस, हिशोब माझे. समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब साधारण १ बारने, म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या दाबाएवढ्याने, वाढतो, आणि हौशी माणसापुढे त्यामुळे दोन सरळ वाटा असतात. एक तर केबिनच्या आत जमिनीवरचाच दाब ठेवायचा आणि समुद्राचा सगळा भार कवचाने सोसायचा. नाहीतर आतल्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याइतका करायचा, म्हणजे कवच पातळ असले तरी चालते, पण आत बसलेला माणूस कोरड्या कपड्यांतला डायव्हरच ठरतो आणि डायव्हरचे सगळे धोके त्याला लागू होतात. भाच्याला यांच्या मधली वाट हवी होती : १० मीटरवर बाहेर १ बार जादा, आत अर्धा बार जादा, आणि कवचावर उरलेल्या अर्ध्या बारचा फरक. अर्धा बार म्हणजे ५ मीटर खोलीइतका दाब, आणि तेवढ्या दाबाखाली राहून वर येताना नेहमीच्या डायव्हिंग तक्त्यांप्रमाणे वाटेत थांबे घ्यावे लागत नाहीत, हे त्याचे म्हणणे बरोबरच होते.

चुकीचे होते ते पुढचे. दाबाचा फरक निम्मा झाला म्हणजे लोखंडही निम्मे लागेल आणि खर्च वाचेल, असे त्याने गृहीत धरले होते. आमच्या केबिनचे घनफळ सुमारे २ घनमीटर. तेवढी केबिन समुद्रात बुडाली की ती २,०५० किलो पाणी बाजूला सारते, म्हणजे बुडायचे असेल तर माणसे, बॅटऱ्या आणि सामान धरून एकूण वजन तेवढे भरलेच पाहिजे. ६ मिलिमीटर जाडीच्या प्लेटची आमची केबिन, आतल्या मजबुतीच्या रिंगा, टोकांचे वाटीसारखे डिश एंड आणि हॅच, म्हणजे आत उतरायचे झाकण, धरून, ६०० किलोंच्या आसपास जाते. दोन माणसांचे दीडशे आणि बॅटऱ्यांचे दोनशे किलो मिळवले तरी हजारभर किलोंची तूट उरतेच. कवच आणखी पातळ करून जे लोखंड वाचवाल ते शिसे म्हणून पुन्हा विकत घ्यावे लागेल, आणि शिसे लोखंडापेक्षा महाग आहे.

मग या मधल्या वाटेचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो खिडक्यांना, हॅचला आणि पाणबुडी ढकलणाऱ्या पंख्याच्या कवचातून बाहेर जाणाऱ्या दांड्याच्या सीलला. गोव्याच्या किनाऱ्याजवळचे पाणी निळेशार नसते. बऱ्याच दिवशी चार-पाच मीटरपलीकडचे दिसत नाही, आणि वाटीएवढ्या खिडकीतून ते चार मीटरही दिसत नाहीत. खिडकी मोठी हवी तर तिच्यावरचा भार कमी हवा, आणि अर्ध्या बारचा खरा फायदा तिथे होतो. या सवलतीची किंमत मात्र अशी की दाबाची दिशा एका फेरीत उलटते. १० मीटरवर पाणी केबिनला बाहेरून दाबते. ५ मीटरवर आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो. त्याच्या वर मात्र आतली हवा केबिनला बाहेर ढकलू लागते. ६० सेंटिमीटर व्यासाच्या हॅचचे क्षेत्रफळ २,८२७ चौरस सेंटिमीटर भरते. पृष्ठभागावर आल्यावर आत अर्धा बार शिल्लक असेल तर ती हवा हॅचला जवळजवळ १,४०० किलोंच्या जोराने वर उचलत असते. टाक्या बांधणारा कारागीर आतला दाब ओळखतो, बार्ज बांधणारा बाहेरचे पाणी ओळखतो. आम्हाला दोन्ही ओळखणारा हवा होता, आणि या वर्कशॉपची परीक्षा मी याच एका गोष्टीवर घेतली.

मालकांशी पहिली भेट गॅलरीसारख्या एका लाकडी केबिनमध्ये झाली. ड्रॉइंग उलगडण्याआधीच त्यांनी विचारले, “मास्तर, ती टायटॅनिक बघायला गेली आणि फुटली, तसलं काही नाही ना हे?” मी त्यांना सांगितले की २०२३ च्या जूनमध्ये जी टायटन फुटली तिचे कवच कार्बन फायबरचे होते आणि तिला पावणेचार किलोमीटरपेक्षाही खोल जायचे होते, आपले कवच पोलादाचे आहे आणि आपल्याला माडाच्या उंचीएवढेही खाली जायचे नाही. भारत सरकारची मत्स्य-६००० ही पाणबुडी ६,००० मीटरसाठी आहे, तिच्या टायटॅनियमच्या गोलाची जाडी ८० मिलिमीटर आहे, हेही सांगितले. ते ऐकून त्यांनी आमचा ६ मिलिमीटरचा आकडा पुन्हा एकदा पाहिला, काही बोलले नाहीत, आणि चहा मागवला. काम घ्यायला ते तयार झाले ते बहुधा कुतूहलापोटी. अशा एका केबिनमध्ये त्यांना फार पैसे सुटण्यासारखे नव्हते.

प्लेट रोलिंगचे काम चांगले, पण पहिल्या खेपेस पुरेसे चांगले नव्हते. बाहेरून दाब घेणाऱ्या नळकांड्याची खरी ताकद त्याच्या गोलाईत असते. आतून दाब दिला तर वाकडे नळकांडे आपोआप गोल होऊ पाहते. बाहेरून दिला तर जिथे ते चपटे आहे तिथेच आणखी चेपत जाते आणि एका क्षणी बसते, म्हणजे चेपून कोसळते. म्हणून मी लेखी अट घातली होती की १,१०० मिलिमीटरच्या व्यासात कमाल आणि किमान मापांतला फरक अर्ध्या टक्क्याहून, म्हणजे साडेपाच मिलिमीटरहून, अधिक नसावा. टाकीच्या कामात एवढे कोणी बघत नाही. पहिल्या मोजणीत फरक ९ मिलिमीटर निघाला. मालक म्हणाले, “डोळ्याला तर दिसत नाही”, आणि ते खरेच होते. त्यांच्या मेस्तांनी, म्हणजे मुख्य कारागिरांनी, मात्र माझ्या हातातली मोजपट्टी घेतली, आठ ठिकाणी खडूने खुणा करून स्वतः मोजले, आणि दुसऱ्या दिवशी शेल, म्हणजे ते नळकांडे, पुन्हा रोलवर चढवले. शेवटचा फरक ४ मिलिमीटरवर आला. मोजमापाचा तो कागद त्यांनी सही करून माझ्या फायलीत लावायला दिला, मागितला नसताना.

या मेस्तांबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण या वर्कशॉपमध्ये जाण्याचे मुख्य कारण तेच आहेत. साठीच्या आसपासचे गृहस्थ, आयुष्य बार्जांच्या तळाखाली पाठीवर झोपून वेल्डिंग करण्यात गेलेले. कवचाच्या सांध्यांसाठी मी ७०१८ जातीचे वेल्डिंग रॉड सांगितले होते. हे रॉड दमट हवेत उघडे राहिले की पाणी शोषतात, त्या पाण्यातला हायड्रोजन जोडात शिरतो, आणि काम संपून माणसे घरी गेल्यावर जोडाच्या कडेला चीर जाऊ शकते. जुलैच्या गोव्यात कपाटातले कपडेसुद्धा ओले लागतात, तिथे रॉडांची काय कथा. मी अनेक ठिकाणी उघड्या पुड्यातून रॉड काढून वापरताना पाहिले आहे. इथे एका कोपऱ्यात रॉड भाजण्याचा ओव्हन होता आणि तो खरोखर चालू होता. मेस्त एका वेळी दहा-बाराच रॉड झाकणाच्या गरम डब्यातून घेऊन येत, आणि जेवणाच्या सुट्टीत डब्यात उरलेले रॉड पुन्हा ओव्हनमध्ये ठेवून मगच पाव आणि पातळ भाजीकडे वळत. आतून पहिला थर, मग बाहेरच्या बाजूने ग्राइंडरने खोबण करून स्वच्छ धातू दिसेपर्यंत उकरणे, मग बाहेरचे थर, हा क्रम त्यांनी एकदाही चुकवला नाही. डीपी टेस्टला, म्हणजे लाल रंग लावून, पुसून, वर पांढरी पूड मारल्यावर, हॅचखालचा बुरूज आणि शेल यांच्या सांध्यावर दोन सेंटिमीटरची बारीक लाल रेघ उमटली. मी बोट ठेवण्याआधीच मेस्तांनी ग्राइंडर मागवला होता.

यानंतर आमचा पहिला मतभेद झाला. वर्कशॉपने हॅचच्या जागी जाड प्लेट बोल्टांनी आवळून केबिन पाण्याने भरली, पंपाने आत १ बार दाब दिला, दोन तास ठेवला, थेंब गळला नाही, आणि मालकांनी काम पास झाल्याचे जाहीर केले. टाकीच्या दृष्टीने ते बरोबर होते. सांधे गळत नाहीत आणि पृष्ठभागावर आतला दाब सोसला जाईल, एवढे या चाचणीने सिद्ध होते. बाहेरून दाब आल्यावर कवच बसणार नाही, हे मात्र ती चाचणी सांगूच शकत नाही, कारण आतल्या दाबाखाली धातू ताणला जातो आणि बाहेरच्या दाबाखाली तो दुमडायला बघतो. आमच्या मापांच्या शेलला आतल्या रिंगा नसत्या तर कागदावरच्या सूत्राने ते बाहेरच्या ७ बारच्या आसपास बसले असते. ३४ सेंटिमीटर अंतराने ६० बाय १० मिलिमीटरच्या पट्टीच्या चार रिंगा घातल्या की दुमडण्याचा तो आकडा पाच-सहा पट वर जातो आणि मर्यादा दुमडण्याची न राहता धातूच्या ताकदीची होते. म्हणजे या केबिनचा जीव रिंगांत आहे, आणि आतल्या दाबाच्या चाचणीत रिंगांचे हे काम तपासलेच जात नाही. एखाद्या रिंगेचा जोड अर्धवट राहिला असता तरी ती चाचणी पास झाली असती. मालकांना हे पटायला दोन भेटी लागल्या. तोपर्यंत त्यांचा असा समज होता की मास्तर बिलाचा शेवटचा हप्ता लांबवत आहेत.

आता हॅच. ड्रॉइंगमध्ये हॅचभोवती सहा डॉग दाखवले होते, म्हणजे झाकण आवळून धरणाऱ्या सहा कड्या, सगळ्या आतूनही फिरवता येणाऱ्या. वर्कशॉपने बसवले दोन. विचारले नाही, कळवले नाही. नंतर मालकांनी जे कारण सांगितले ते त्यांच्या धंद्यापुरते तर्कशुद्ध होते : पाणी बाहेरून दाबणार, तेच झाकण घट्ट धरून ठेवणार, डॉग फक्त हालू नये म्हणून, बार्जेच्या लहान हॅचला दोन पुरतात. शिवाय चार डॉगांचे लेथवरचे काम वाचले, ते त्यांनी बिलातूनही वजा केले होते. त्यात लबाडी नव्हती, विचार एकाच दिशेने झाला होता. आमच्या केबिनमध्ये पाणी झाकण धरून ठेवते ते ५ मीटरच्या खाली. वर आले की झाकणाला धरून ठेवणारे या दोन डॉगांखेरीज कोणी नाही.

हे तोंडाने सांगून पटले नसते. हॅच बसवल्यावर कॉम्प्रेसरने आत फक्त ०.२ बार हवा भरायची आणि कडेने साबणाचे पाणी फिरवायचे ठरले. हवेच्या चाचणीत काही सुटले तर ते पाण्यासारखे नुसते गळत नाही, उडते. म्हणून सगळ्यांना शेडच्या बाहेर उभे केले होते आणि भाच्याने लांब काठीला ब्रश बांधून साबण लावला. ०.१ बारला काही नाही. ०.१५ च्या पुढे काटा सरकल्यावर बिजागरीच्या विरुद्ध बाजूला, दोन डॉगांच्या बरोबर मधोमध, फेसाची एक झालर उठली, मग कुकरसारखा फुस्स आवाज, आणि १२ मिलिमीटर जाडीचे ते झाकण नखाएवढे उचललेले सगळ्यांनी पाहिले. ०.२ बारला त्या झाकणाखाली साडेपाचशे किलोंहून अधिक जोर असतो. अर्ध्या बारला त्याच्या अडीच पट असता, आणि तेव्हा आत दोन माणसे असती.

पुढच्या आठ दिवसांत वर्कशॉपने जे केले त्यासाठी मी त्यांना मनापासून दाद देतो. बाकीचे चार डॉग आले, झाकणाच्या कडेला मजबुतीची रिंग आली, रबरी ओ-रिंगची खोबण पुन्हा लेथवर फेसिंग करून घेतली, आणि यांतल्या कशाचेही पैसे लावले नाहीत. त्याहून मोलाची गोष्ट मेस्तांनी आपणहून सुचवली. आत दाब असताना कोणी घाईने डॉग सोडले तर झाकण तोंडावर उडेल, हे त्यांनी साबणाच्या फेसात पाहिले होते. त्यांनी हवा सोडण्याच्या व्हॉल्व्हची दांडी अशी वळवून बसवली की व्हॉल्व्ह बंद असताना ती मुख्य डॉगाच्या वाटेत आडवी येते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्याशिवाय तो डॉग फिरतच नाही. माझ्या ड्रॉइंगमध्ये हे नव्हते, असायला हवे होते.

या व्हॉल्व्हविषयी एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण अशा केबिनच्या मागे लागलेले लोक तिथेच फसतात. पाणबुडी वर येऊ लागली की आतला दाब हळूहळू उतरत जाईल, असे वाटते. तसे होत नाही. १० ते ५ मीटरच्या टप्प्यात बाहेरचा दाबच जास्त असतो, त्यामुळे तिथे व्हॉल्व्ह उघडला तर हवा बाहेर न जाता पाणी आत येईल. म्हणून त्याच्यापुढे उलट न वाहू देणारा दुसरा व्हॉल्व्ह लागतो. हवा सोडण्याचे सगळे काम शेवटच्या ५ मीटरांत किंवा पृष्ठभागावर तरंगताना उरकावे लागते. ती एकदम सोडली आणि आतल्या माणसाने श्वास रोखून धरला असेल, तर फुप्फुसातली ६ लिटर हवा ९ लिटर व्हायला बघते. फुप्फुस फाटायला एवढे पुष्कळ झाले. आम्ही दाब उतरवायला किमान ३ मिनिटे ठरवली आहेत आणि तेवढ्या वेळात ती हवा जाईल असे बारीक छिद्र असलेली चकती व्हॉल्व्हमध्ये बसवली आहे. ही चकती वर्कशॉपने पहिल्याच प्रयत्नात अचूक करून दिली.

खिडक्यांच्या बाबतीत मात्र हॅचचाच प्रमाद लहान प्रमाणात पुन्हा घडलेला दिसला. ३० सेंटिमीटरच्या ॲक्रिलिकच्या चकत्या बाहेरून खाचेत बसतात, पाणी त्यांना खाचेत दाबते, आणि बाहेरून फक्त एक धरून ठेवणारी रिंग असते. ती रिंग त्यांनी ३ मिलिमीटरच्या पट्टीची केली होती. उलट्या दिशेने अर्धा बार आला की त्या चकतीवर साडेतीनशे किलो पडतात. पट्टी दोन स्क्रूंच्या मध्ये फुगली आणि गॅस्केट सुटले. हेही बदलून मिळाले, पण याला आणखी तीन आठवडे गेले, कारण मध्ये चतुर्थी आली. गोव्यात चतुर्थीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा कोणत्याही वर्कशॉपकडून काही अपेक्षा ठेवू नये, हे मला या वयात तरी कळायला हवे होते.

बाहेरच्या दाबाची चाचणी वर्कशॉपकडे होण्यासारखी नव्हतीच. ओळखीच्या एका माणसाच्या जुन्या चिरेखाणीत पाणी साठलेले आहे, तळ ११ मीटरवर. तिथे हायड्रा क्रेन लावून, केबिनमध्ये वाळूची पोती आणि शिसे भरून, माणसाशिवाय ती खाली सोडली. आत जादा हवा भरली नव्हती, म्हणजे कवचावर जवळजवळ पूर्ण १ बारचा फरक पडणार, रोजच्या वापराच्या दुप्पट. आत दोन रिंगांच्या मधोमध एक पोलादी दांडा आडवा बसवून त्याच्या टोकाला डायल इंडिकेटर लावला, ज्याचे एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, आणि समोर दिवा व मोबाइलचा कॅमेरा. माझ्या हिशोबाने व्यास चार घरे आक्रसायला हवा होता. आधी केबिन एक मीटर पाण्याखाली तीन तास नुसती ठेवली, कारण उन्हात तापलेले लोखंड पाण्यात निवतानाच काटा त्याहून जास्त हलवते. तो स्थिर झाल्यावर मग खाली. मेस्त त्या दिवशी रजा टाकून आले होते. केबिन वर आल्यावर आधी व्हॉल्व्ह उघडला, मग डॉग सोडले, मोबाइल बाहेर काढला, आणि आम्ही चौघे त्या छोट्या पडद्याभोवती वाकलो. काटा तीन घरे सरकला, चौथ्याला टेकायच्या बेतात थांबला, तासभर तिथेच राहिला, आणि वर येताना पुन्हा शून्यावर आला. तळाशी चहाच्या कपभर पाणी होते, ते एका वायरच्या ग्लँडमधून, म्हणजे वायर कवचातून जाते तिथल्या सीलमधून, आले होते आणि ती ग्लँड आम्हीच बसवलेली होती.

किरकोळ तक्रारी आणखी आहेत. हवेच्या १२ लिटरच्या सिलिंडरची पकड त्यांनी अशी बसवली की सिलिंडरचा व्हॉल्व्ह सीटच्या मागे जातो आणि बसल्या जागेवरून हात पोहोचत नाही. २०० बारला भरलेल्या या सिलिंडरमधली एक तृतीयांश हवा एकदा केबिन अर्ध्या बारवर न्यायलाच लागते, तेव्हा तो हाताशीच हवा. शिसे ठेवायचा ट्रे त्यांनी एकदाच वेल्ड करून टाकला, तर मला त्यात ५० किलोंचा फेरफार करता यायला हवा होता : खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड असते, आणि पावसाळ्यात मांडवीचे वरचे पाणी गोडे होते तेव्हा मे महिन्यात बरोबर तरंगलेली हीच केबिन दगडासारखी तळाला जाईल. रंगकाम घाईचे वाटले. ब्लास्टिंग, म्हणजे कणांच्या माऱ्याने लोखंड साफ करणे, झाल्यावर प्रायमर त्याच दिवशी मारायला हवा होता, तो दुसऱ्या दिवशी दुपारी मारला आणि खालच्या बाजूला पिवळसर झाक राहून गेली. कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमच्या डब्याची जागा मात्र त्यांनी सांगितल्याप्रमाणे केबिनमधल्या हवेच्या पंख्यासमोर केली, आणि हा डबा ऐच्छिक नाही. आमच्या केबिनमध्ये मोकळी जागा १.६ घनमीटर, दोन माणसे तासाला चाळीस-पन्नास लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांत तो जमिनीवरच्या १ टक्क्याइतका परिणाम करू लागतो. आत हवा जास्त भरली म्हणून ही मुदत वाढत नाही, हे भाच्याला पटवायला मला हॅचपेक्षा जास्त वेळ लागला.

खर्च जीएसटी धरून ३ लाख ४० हजार आला. त्यात ॲक्रिलिक, बॅटऱ्या आणि शिसे नाही. कबूल केलेले सहा आठवडे होते, लागले चौदा. बिलात प्लेटचे वजन आणि मजुरी वेगळी दाखवली होती आणि वजनकाट्याच्या पावत्या जोडल्या होत्या, ही गोष्ट मला आवडली. फोन उचलत नाहीत, पण व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात. दुपारी एक ते साडेतीन गेट बंद असते.

वेल्डिंगला मी पाचपैकी पाच देतो, ड्रॉइंग वाचण्याला दोन, चूक कबूल करण्याला पुन्हा पाच. ज्यांना असे काम करून घ्यायचे असेल त्यांनी ड्रॉइंगवर प्रत्येक झाकणाशी, प्रत्येक खिडकीशी दाबाचे दोन बाण काढून न्यावेत, एक आत जाणारा आणि एक बाहेर येणारा, आणि मालकांशी न बोलता आधी मेस्तांना दाखवावेत. खाडीत किंवा समुद्रात उतरवण्यापूर्वी पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयात जाऊन विचारणे आहेच. तोपर्यंत आमची केबिन चिरेखाणीच्या काठावर ताडपत्रीखाली आहे. ट्रे कापून नवा बसवायचे काम त्याच वर्कशॉपला दिले आहे, आणि सिलिंडरची पकड त्याच फेरीत पुढे घेऊन देतो असे मेस्तांनी सांगितले आहे.